बाहेर उणे वीस, भिंतीत ओल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. मिनेसोटातल्या सेंट पॉलला आमचं १९५२ सालचं दीड मजली घर आहे. भिंती दोन-बाय-चारच्या (नावाला चार इंच, प्रत्यक्षात साडेतीन इंच खोल) लाकडी सांगाड्याच्या. एका सॉकेटची चौकट काढून पाहिलं, आत काहीच भरलेलं नाही. लाकडी सायडिंग, म्हणजे भिंतीवरचं बाहेरचं आवरण, कुजायला लागलंय, ते यंदा बदलायचंच आहे, म्हणून इन्सुलेशनचंही सोबतच उरकावं असं ठरवलं. तीन कॉन्ट्रॅक्टर येऊन गेले. पहिला म्हणतो, आतलं प्लास्टर उतरवून क्लोज्ड-सेल स्प्रे फोम (फवारल्यावर फुगून घट्ट बसणारा फोम) मारा. दुसरा म्हणतो, बाहेरून भोकं पाडून सेल्युलोज, म्हणजे कागदाचा कीस, भरतो. तिसरा सेल्युलोज भरून वर सायडिंगखाली एक इंच जाडीच्या, फॉइल लावलेल्या फोमच्या शीट ठोकायच्या म्हणतो. माझे सासरे नाशिकला सिव्हिल इंजिनिअर होते. त्यांचा आग्रह आहे की आतून प्लास्टिकचा कागद लावल्याशिवाय कशालाच हात लावू नका. त्यात उत्तरेच्या बेडरूममध्ये कपाटामागे काळी बुरशी आली आहे आणि जानेवारीत खिडक्यांवरून पाणी ओघळतं. सासूबाई थंडीभर आमच्याकडे असतात, कोरड्या हवेने त्यांच्या नाकातून रक्त येतं, म्हणून ह्युमिडिफायर दिवसरात्र चालू. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, सेंट पॉल

उत्तर : तिन्ही कोटेशनं तुम्ही जोडली होतीत, ती वाचली. एकातही बुरशीचा उल्लेख नाही. म्हणून मी तिथूनच सुरुवात करते. भिंतीत काय भरायचं ते नंतर.

घरातली हवा २१ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ४० टक्के असेल, तर त्या हवेचा दवबिंदू साधारण ७ अंश येतो. त्याहून गार काच किंवा भिंत भेटली की पाणी सुटतं. बुरशीला तर एवढ्या गारठ्याचीही गरज नाही. भिंतीला चिकटून असलेल्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहू लागली की ती धरते, आणि तुमच्या घरातल्या हवेसाठी ही वेळ भिंत १० अंशांवर आली की येते. तुमच्याकडे जानेवारीचं सरासरी तापमान उणे ९ च्या आसपास. अशा दिवशी रिकाम्या भिंतीचा उघडा भाग १५ अंशांपर्यंत तरी राहतो, पण कपड्यांनी भरलेलं कपाट तिला खेटून उभं केलंत की खोलीची ऊब कपाटातच अडते आणि मागचा कोपरा १० च्या खाली उतरतो. कपाट आजच आतल्या भिंतीकडे न्या. जागाच नसेल तर चार इंच पुढे ओढा. बुरशीचा डाग १० चौरस फुटांहून लहान असेल तर मास्क आणि हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने स्वतः पुसता येईल. त्यावर रंग मारून मोकळे होऊ नका, तो रंग महिन्याभरात पोपडे धरतो.

आता सासूबाईंचं नाक. खिडक्या गळतायत आणि नाक कोरडं पडतंय, हे एकाच घरात कसं? उणे ९ अंशांची हवा कितीही दमट असली तरी तिच्यात पाणी नावालाच असतं. ती फटींतून आत शिरून २१ अंशांना तापली की तिची आर्द्रता ११-१२ टक्क्यांवर येते. म्हणजे तुमचं घर कोरडं आहे कारण ते फटींनी भरलेलं आहे. ह्युमिडिफायरने ओतलेलं पाणी वरच्या मजल्याच्या फटींतून बाहेर पडतं, जाताजाता माळ्याच्या लाकडावर हिम होऊन साचतं, आणि खालून तितकीच कोरडी हवा नव्याने आत येते. फटी बुजवल्या की माणसांच्या श्वासाने आणि स्वयंपाकानेच घरात पुरेशी आर्द्रता टिकते. तोवर ह्युमिडिफायर फक्त त्यांच्या खोलीत ठेवा आणि एक साधं आर्द्रतामापक आणा. दुहेरी काचांसाठी इथला ठोकताळा असा : बाहेर उणे १८ ते उणे १२ असेल तर आत ३० टक्क्यांवर जाऊ नये, उणे २३ ते उणे १८ ला २५, आणि उणे २९ च्याही खाली गेलं तर १५. नाकासाठी सलाइनचे थेंब चालतील का, ते डॉक्टरांना विचारा.

आपल्या स्वयंपाकाचाही यात वाटा आहेच. भाताचा आणि वरणाचा कुकर, उकळता चहा, संकष्टीला मोदकपात्र, वाळत घातलेले कपडे, सगळ्यांच्या अंघोळी. चार माणसांचं घर दिवसाला दहा लीटरच्या आसपास पाणी हवेत सोडतं. ओट्यावरचा पंखा सुरू करून बाहेर जा आणि भिंतीवरची झडप हलते का बघा. मायक्रोवेव्हखाली बसवलेले बरेच पंखे वाफ गाळून पुन्हा स्वयंपाकघरातच सोडतात. तसा असेल तर माझ्या मते तुमचा पहिला खर्च बाहेर हवा टाकणारा हूड हाच आहे. इन्सुलेशनच्या बजेटात तो धरायची कुणाला इच्छा नसते, कारण त्यावर कुणाचं कमिशन नाही.

तर आता भिंत. भिंतीत पाणी तीन वाटांनी येतं : पावसाचं, हवेसोबतचं, आणि बाष्प म्हणून प्लास्टरमधून हळूहळू झिरपणारं. महत्त्वही त्याच क्रमाने. सासरेबुवा तिसऱ्या वाटेची काळजी करतायत, आणि ती अगदीच बिनबुडाची नाही. पण बिल्डिंग सायन्सवाल्यांचं एक जुनं गणित त्यांना जरूर दाखवा. थंड प्रदेशातल्या घरात चार-बाय-आठ फुटांच्या ड्रायवॉलमधून (आतल्या भिंतीच्या जिप्सम बोर्डातून) अख्ख्या हिवाळ्यात बाष्पाने आरपार जाणारं पाणी एक तृतीयांश लीटर. त्याच ड्रायवॉलला एक चौरस इंचाचं भोक असेल, तर त्यातून हवेसोबत जाणारं पाणी २८ लीटर. प्लास्टिकचा कागद पहिल्या आकड्यावर इलाज करतो. सॉकेटच्या चौकटी, वायर-पाइपांची भोकं, भिंत आणि जमिनीचा सांधा उघडे ठेवून कागद ठोकला, तर दुसरा आकडा जसाच्या तसा राहतो.

शिवाय सेंट पॉलला उन्हाळा आहे हे विसरून चालणार नाही. जुलैत बाहेरचा दवबिंदू वीसच्या वर जातो आणि तुम्ही आत एसी लावून बसता. तेव्हा बाष्पाचा प्रवास उलटा होतो, बाहेरून आत. भिजलेल्या सायडिंगवर ऊन पडलं की तो आणखी जोराने होतो. मग आतला प्लास्टिकचा कागद हाच गार पृष्ठभाग ठरतो आणि पाणी त्याच्या मागे साचतं. इथे वापरायचं असेलच तर हिवाळ्यात मिटणारं आणि दमट उन्हाळ्यात उघडणारं पॉलिअमाइडचं पटल वापरतात. तुमच्या बाबतीत तेही नको. १९५२ पासूनच्या भिंतीवर तैलरंगाचे जे थर चढलेत, ते बाष्प पुरेसं अडवतात.

पावसाबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण घरं तपासण्याच्या माझ्या कामात कुजलेली भिंत उघडली की बहुतेक वेळा गुन्हेगार खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात सापडतो. तुमच्या शेजारच्याच वुडबरी गावात १९८० च्या उत्तरार्धानंतर बांधलेली स्टकोची (बाहेरून सिमेंटचा गिलावा केलेली) कितीतरी घरं आतून सडली. खिडक्यांभोवती आणि छप्पर जिथे भिंतीला टेकतं तिथे पाणी वळवणारे पत्रे नव्हते, आणि एकदा आत शिरलेल्या पाण्याला वाळायला वाट नव्हती. कॅनडातल्या व्हँकुव्हरला तर याच दुखण्याने इतके अपार्टमेंट-मालक रस्त्यावर आले की १९९८ साली तिथल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचे माजी प्रीमिअर (मुख्यमंत्री) डेव्ह बॅरेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. या भिंतींत इन्सुलेशन होतं, आणि ते नियमाप्रमाणे होतं.

आमच्या गुहागरकडे पावसाळ्याआधी मातीच्या भिंतींसमोर नारळाच्या झावळ्यांची झापं उभी करायचे, भिंतीपासून वीतभर सोडून. पाऊस झापावर आपटतो, खाली निथळतो, आणि मधल्या पोकळीतून वारा भिंतीला सुकवतो. नवं सायडिंग नेमकं याच पद्धतीने बसवून घ्या : आधी पाणी अडवणारा पडदा, त्यावर पाऊण इंच जाडीच्या उभ्या पट्ट्या, पट्ट्यांवर सायडिंग, आणि खाली-वर हवा जाईल पण किडे शिरणार नाहीत अशी जाळी. प्रत्येक खिडकीच्या खाली बाहेरच्या बाजूला उतार दिलेली पाण्याची वाट. पट्ट्यांचे पैसे वाचवायला कॉन्ट्रॅक्टर सांगेल, ‘इथे कुणीच असं करत नाही’. त्याला वुडबरीला नेऊन आणा.

आता कोटेशनं. आर-मूल्य म्हणजे उष्णता अडवण्याची क्षमता, जितकं जास्त तितकं चांगलं. पहिला तुम्हाला स्प्रे फोमचं साडेतीन इंचांत आर-२२ दाखवतोय, आणि सेल्युलोज तिथे आर-१३ च देतं. पण फोम काय किंवा सेल्युलोज काय, दोन्ही लाकडांच्या मधल्या पोकळीत बसतात. भिंतीचा जवळपास पाव भाग लाकूडच असतो, आणि साडेतीन इंच लाकडाचं आर-मूल्य साडेचारही नाही. ऊब तिथून निसटते. लाकूड, प्लास्टर, सायडिंग सगळं हिशेबात घेतलं तर सेल्युलोजची भिंत आर-१२ पडते आणि महागड्या फोमची आर-१५. तीन आकड्यांच्या फरकासाठी घरभर प्लास्टर फोडायचं, धूळ खायची आणि सासूबाईंना हॉटेलात ठेवायचं? मी नाही करणार. फोम वाईट नाही. तळघराच्या माथ्यावर, जिथे जमिनीच्या तुळया पायावर टेकतात, तिथल्या वाकड्यातिकड्या फटींना त्याच्यासारखं दुसरं काही नाही. तिथे अवश्य मारून घ्या.

तिसऱ्याचा विचार योग्य दिशेचा आहे, पण त्याने जाडीत कंजुषी केली, आणि तीच धोक्याची जागा आहे. बाहेरून लावलेलं इन्सुलेशन लाकडालाही पांघरूण घालतं आणि सायडिंगमागच्या फळ्यांना उबदार ठेवतं. पण किती उबदार? बाहेर उणे ९ असताना एक इंच फोममागे फळीच्या आतल्या अंगाचं तापमान शून्याच्या थोडं वर येतं. ३० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू ३ अंशांच्या जवळ. म्हणजे फळी ओली होणार, आणि बाहेर फॉइल असल्याने त्या बाजूने वाळणारही नाही. अमेरिकेतल्या बांधकाम-नियमांत हवामानाचे विभाग पाडलेत, त्यात तुमचा भाग विभाग ६ मध्ये येतो. आतून बाष्परोधक न लावता दोन-बाय-चारच्या भिंतीवर बाहेरून इन्सुलेशन घालायचं, तर तिथे आदर्श संहितेने (राज्यं आपले नियम जिच्यावरून बेततात त्या नमुना नियमावलीने) किमान आर-७.५ मागितलं आहे, आणि एक इंच फोममध्ये ते बसत नाही. हा आकडा वरच्या हिशेबातूनच येतो. तेवढ्या जाडीला फळीचं तापमान दवबिंदूपाशी पोचतं.

माझी निवड : बाहेरून भोकं पाडून दाबून भरलेलं सेल्युलोज, घनफुटाला निदान साडेतीन पौंड. सैल भरलं तर दोन वर्षांत खाली बसतं आणि वर रिकामी पट्टी उरते. त्याच्या वर दोन इंचांचे मिनरल वूलचे (दगडाच्या तंतूंचे) कडक बोर्ड, आर-८. हे बोर्ड बाष्प बाहेर जाऊ देतात, त्यामुळे हिशेब थोडा चुकला तरी भिंत वाळते. सगळं मिळून आर-२० ची भिंत होते आणि आतल्या प्लास्टरला धक्का लागत नाही. सेल्युलोज म्हणजे वर्तमानपत्राचा कीस, बोरेटची प्रक्रिया केलेला. थोडी ओल तो पोटात घेतो, पसरवतो आणि सोडतो. अट एकच, कुजलेल्या फळ्या आधी बदलायच्या.

काम सुरू होण्याआधी ब्लोअर डोअर चाचणी करून घ्या. दारात मोठा पंखा बसवून घरातला दाब ५० पास्कलने उतरवतात आणि तासाला घरातली हवा किती वेळा बदलते ते मोजतात. २०१८ च्या आदर्श संहितेत तुमच्या हवामानातल्या नव्या घराला मर्यादा तीनची होती. तुमचं घर त्याच्या कितीतरी पुढे असणार, आणि सगळ्यात मोठ्या फटी भिंतीत नसून माळ्यात सापडतील. माळ्यावर करडे-सोनेरी चमकणारे खडे पसरलेले दिसले तर पाऊल टाकू नका. ते व्हर्मिक्युलाइट असू शकतं. मोंटानातल्या लिबीच्या खाणीतला हा माल अ‍ॅस्बेस्टॉसने दूषित होता, आणि त्याच्यावर प्रक्रिया करणारा एक कारखाना खुद्द मिनियापोलिसमध्येच होता. १९७८ च्या आधीच्या घरात रंगात शिसं असणार असंही धरून चाला आणि शिशाच्या रंगाचं प्रमाणपत्र असलेलाच कॉन्ट्रॅक्टर घ्या.

घर घट्ट झाल्यावर, आणि हे मी मुद्दाम वेगळं सांगते, गॅसचा गीझर चिमणीने धूर सोडणारा असेल तर त्याची तपासणी केल्याखेरीज नवा हूड पूर्ण वेगाने चालवू नका. पंखा घरातली हवा ओढतो, चिमणी उलटी वाहू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तळघरात उतरतो. त्याच वेळी ताजी हवा आत घेताना बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब परत मिळवणारं यंत्र, एचआरव्ही, बसवून टाका.

प्रश्न : कॅलगरीला तळघर सजवून मुलांसाठी खोली करतोय. सुतार म्हणतो, काँक्रीटला खेटून लाकडी सांगाडा, त्यात फायबरग्लासच्या गाद्या, वर प्लास्टिक, वर ड्रायवॉल. शेजाऱ्यानेही तेच केलंय. बरोबर ना?
— एक वाचक, कॅलगरी

उत्तर : शेजाऱ्याच्या ड्रायवॉलमागे एकदा नाक लावून बघा.

जमिनीखालचं काँक्रीट गारच राहणार. फायबरग्लासमधून हवा आरपार जाते, त्यामुळे खोलीतली दमट हवा कुठल्यातरी फटीतून मागे पोचते आणि काँक्रीटवर पाणी सोडते. काँक्रीट स्वतःही मातीतली ओल आत ढकलत असतं. दोघांच्या मध्ये सांगाडा आणि वर प्लास्टिक, म्हणजे वाळायचा रस्ता बंद.

आधी दोन इंच जाडीच्या एक्सपीएसच्या (दाट, कडक फोमच्या) शीट थेट काँक्रीटला चिकटवा, सगळे सांधे टेपने बंद करा, आणि मग त्यांच्यापुढे सांगाडा उभा करा. त्या जाडीचं एक्सपीएस स्वतःच बाष्परोधक आहे, त्यावर पुन्हा प्लास्टिक नको. आराखडा महापालिकेच्या इन्स्पेक्टरला आधीच दाखवून ठेवा, त्यांना प्लास्टिक बघायची सवय असते आणि ऐनवेळी वाद होतो. फोमवर ड्रायवॉल मात्र हवंच, आगीसाठी.

पण हे सगळं बाहेरचं काम झाल्यावर. पागोळीचं पाणी नेणारे पाइप पायापासून दूर सोडलेत का? घराभोवतीची जमीन पहिल्या दहा फुटांत सहा इंच तरी बाहेर उतरते का? एक उन्हाळा आणि बर्फ वितळण्याचा एक हंगाम तळघर कोरडं राहिलेलं पाहा, मगच सुताराला बोलवा. मुलांना एवढा धीर नसतो हे मला माहीत आहे.

प्रश्न : मी मूळची नागपूरची, लेहजवळ लहानसं गेस्टहाउस बांधते आहे. भिंती मातीच्या विटांच्या. चंडीगढच्या इंजिनिअरने आतून थर्माकोल लावून त्यावर पीओपी करायला सांगितलंय. गावातले मिस्त्री हसतायत.
— एक वाचक, लेह

उत्तर : मिस्त्रींना चहा पाजा.

लेहचं गणित मिनेसोटाहून वेगळं आहे. थंडी तितकीच, पण वर्षाचा पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर आणि हिवाळ्यातही लख्ख ऊन. मातीची जाड भिंत दिवसभर ती ऊब पिते आणि रात्री खोलीत सोडते. आतून थर्माकोल लावलात तर भिंत आणि खोलीची फारकत होते. ऊन मावळल्यावर खोली झपाट्याने गार पडेल आणि पाहुणे बुखारीत लाकडं कोंबत बसतील.

दक्षिणेची भिंत उघडी ठेवा आणि तिच्यासमोर काच किंवा हिवाळ्यापुरती प्लास्टिकची काचघरासारखी खोली करा. इन्सुलेशन उत्तरेला, पूर्वेला आणि पश्चिमेला लागतं, तेही मातीच्या दोन भिंतींच्या मध्ये : पेंढा किंवा लाकडाचा भुसा, कोरडा आणि दाबून भरलेला. छप्पर विसरू नका. पॉपलरच्या तुळया, विलोच्या काटक्या, गवत आणि माती हे पारंपरिक छप्पर सुंदर आहे, पण ऊब सगळ्यात जास्त तिथून जाते, त्यामुळे भुशाचा एक जाड थर तिथेही द्या.

पाऊस कमी म्हणून निर्धास्त राहू नका. ऑगस्ट २०१० च्या ढगफुटीत मातीच्या घरांचं काय झालं ते गावात कुणीही सांगेल. जोतं दगडाचं आणि उंच घ्या, त्यावर ओल अडवणारा थर, मग माती. प्लॉट नाल्याच्या वाटेत असेल तर जागाच बदला. बाथरूम मातीच्या भिंतीला लागून ठेवायचंच असेल तर मध्ये पक्क्या विटांची भिंत घाला आणि गरम पाण्याची वाफ थेट बाहेर काढा, कारण गेस्टहाउसमध्ये पाहुणे अर्धा तास अंघोळ करतात.

थर्माकोल आणून ठेवलाच असेल तर तो दोन भिंतींच्या मध्ये पूर्ण गाडून वापरता येईल. बुखारीची नळी छतातून बाहेर पडते तिथे मात्र थर्माकोल आणि भुसा दोन्ही दूर ठेवा, नळीभोवती हातभर रुंदीचं दगड-मातीचं कडं करा.